पिरनवाडीतलं जिंजीचं घर

मित्रांनो, जवळ या आणि नीट बघा. मला कुणी खुराडं म्हणतं, कुणी खोकं म्हणतं, आणि परवा एका शहाण्यानं तर मला तंबाखूची फुटकी पेटी म्हटलं. ते ऐकून माझ्या फळ्या नुसत्या करकरल्या. मी एक घर आहे. जुनं, पण घर. माझ्यात माणूस कधी राहिला नाही आणि राहणारही नाही, कारण माझी उंची तुमच्या कमरेलाही लागत नाही. मी एका कुत्रीचं घर. मला छप्पर आहे, भुई आहे, दार आहे, आणि कितीतरी बाळंतपणं माझ्या पोटात सुखरूप पार पडली आहेत. कुणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे मला मध्ये थांबायला नको.

माझा जन्म बेळगावच्या कॅम्पातला. विसावं शतक नुकतंच कुठे सुरू झालं होतं. कॅम्पात एका गोऱ्या लष्करी साहेबाचा बंगला होता, आणि त्याच्या मडमेनं विलायतेहून एक कुत्री आणली होती. मडमेनं तिला ठेवलेलं नाव भलतंच लांबलचक होतं, ते बंगल्यावरच्या माणसांना झेपेना. त्यांनी तिला जिंजी म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पक्कं झालं. जिंजी टेरियर जातीची. दिसायला एवढीशी, रंगानं तांबूस, पाय आखूड आणि अंगावरचे केस काथ्यासारखे राठ. पण काटक म्हणजे किती काटक. तिच्या मुलखात डोंगरातल्या थंडीवाऱ्यात बिळात शिरायचं आणि आतल्या कोल्ह्याला बाहेर काढायचं, हे तिच्या जातीचं पिढीजात काम. भीती म्हणून काय असते ते तिला ठाऊकच नव्हतं.

मला घडवलं खासबागेतल्या मष्णू सुतारानं. हात कसबी होता, पण सुरुवातीला त्यानं घोळ घातला. साहेबाची कुत्री म्हणजे घरही साहेबी थाटाचं हवं, असं त्यानं मनाशी धरलं आणि वासरू मावेल एवढा थोरला सांगाडा उभा केला. मडम आली, तिनं जिंजीला आत बसवलं, आणि मान हलवून सांगितलं की हे चालायचं नाही. मष्णू खट्टू झाला. बंगल्यावर रतीबाचं दूध घालायला आलेले भावकू आप्पा तिथंच उभे होते. मष्णू त्यांना म्हणाला, "आप्पा, एवढंसं घर केलं तर लोक मला हसतील की. साहेबानं लाकूड वाचवलं म्हणतील."

आप्पांनी जिंजीकडे बघितलं. ती त्या थोरल्या सांगाड्याच्या एका कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. आप्पा म्हणाले, "मष्णू, थंडीत तू वाकळ अंगाबरोबर घेतोस का मांडवाएवढी? एवढंसं जनावर हाय रं. त्याच्या अंगाची ऊब त्याच्याच अंगाशी राहायला नको व्हय?"

मष्णूला पटलं. त्यानं सांगाडा मोडला आणि मला नव्यानं घडवलं. जिंजीला उभं राहता यावं, गिरकी घेता यावी आणि पाय ताणून झोपता यावं, एवढाच मी ऐसपैस. खानापूरकडचं सागवान वापरलं. मला चार बुटके पाय दिले, म्हणजे पावसाचं पाणी खालून वाहून जावं आणि भुईची ओल वर चढू नये. दार मधोमध न ठेवता एका कडेला ठेवलं, म्हणजे आत एक आडोशाचा कोपरा राहिला आणि वारा थेट अंगावर येईनासा झाला. छप्पर उतरतं केलं, वरून डांबर फासलं, आणि बिजागऱ्या लावल्या, म्हणजे छप्पर उचलून आत ऊन देता यावं आणि झाडता यावं. दाराला फळी आणि फळीला बाहेरून लाकडी खिटी. मित्रांनो, त्या काळी कॅम्पात मोठमोठे बंगले गळायचे. मी कधी गळलो नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. बरं, थोडीशी बढाई आहे, पण ती खरी आहे.

वर्षा-दोन वर्षांत साहेबाची बदली झाली. कुठल्याशा उन्हाच्या मुलखात जायचं होतं आणि जिंजीला तिथं नेणं मडमेच्या जिवावर आलं. रोज दूध घेऊन येणाऱ्या आप्पांच्या पायाशी जिंजी घुटमळायची, हे मडमेनं पाहिलेलं होतं. तिनं जिंजीला आप्पांच्या हवाली केलं आणि मलाही त्यांच्या बैलगाडीत चढवलं. निघताना ती जिंजीच्या राठ केसांतून हात फिरवत बराच वेळ बसून राहिली. मग उठून आत गेली.

आप्पांचं गाव पिरनवाडी, कॅम्पापासून गाडीवाटेनं फार लांब नाही. भातशेतीचं गाव. तिथं कुत्री उकिरड्यावर नाहीतर चुलीच्या राखेत झोपायची. त्यामुळं मला गाडीतून उतरवलं तेव्हा अख्खी आळी गोळा झाली. आप्पांच्या पत्नी राजाबाई कमरेवर हात ठेवून माझ्याभोवती एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "कुत्रीला घर आनलंसा. गोठ्याचं छप्पर गळतंय ते दिसत न्हाय व्हय तुमास्नी?"

आप्पा हसले नुसते. मला पडवीत ठेवलं गेलं. घरात कामं आधीच वाटलेली होती, तेव्हा जिंजीचं काम कुणी करायचं हा प्रश्न आला. जे काम कुणालाच नको असतं ते नव्या सुनेकडे जातं. सून होती मालुबाई. थोरला मुलगा गुंडू याची बायको, खानापूरकडच्या रानातल्या गावची, लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. पहिल्या दिवशी ती जिंजीपुढं भाकरी ठेवून चार पावलं मागं सरली होती. पण माहेरची आठवण येऊन रडायचं झालं की ती पडवीत येऊन बसायची, आणि तिथं जिंजी असायची. दोघींचं जमलं. जिंजी परमुलखातली, आणि त्या घरात मालुबाईही तशीच.

मालुबाईनं माझी आणि जिंजीची जी निगा राखली, तशी साहेबाच्या बंगल्यावरही कधी झाली नव्हती. सकाळी ती छप्पर उचलून आत अंथरलेलं भाताच्या काडाचं पिंजर बाहेर काढायची, भिजलेलं टाकायची, सुकं उन्हात पसरायची. माझ्या भुईवर झाडू फिरवून कडुलिंबाचा पाला घासायची, त्यानं पिसवा व्हायच्या नाहीत. गोचीड लागला तर करंजाच्या तेलाचं बोट. पाण्याचं मातीचं परळ रोज घासून, रोज ताजं पाणी. खायला नाचणीची भाकरी ताकात कुस्करून, बाजारच्या दिवशी सुकटीचे चार तुकडे. आमटी मात्र नाही. राजाबाईंची आमटी इतकी तिखट की गुंडूसुद्धा ती खाताना नाक ओढायचा, तिथं कुत्रीचं काय. आणि जिंजीचे केस. ते कातरायचे नसतात, नाहीतर अंगावरचं कवचच जातं, असं मडमेनं आप्पांना सांगितलं होतं. मेलेले केस तेवढे चिमटीनं उपटायचे. चिमटी घट्ट बसावी म्हणून मालुबाई बोटांना चुलीतली राख लावायची. जिंजी डोळे मिटून पडून राहायची. आळीतल्या बायका येता-जाता टोमणे मारायच्या, "मालू, तुझ्या नणंदेची वेणी झाली का गं?" मालुबाई हसायची आणि उपटत राहायची.

आता जिंजीच्या पराक्रमाचं सांगतो. भातशेतीचं घर म्हणजे माजघरात भाताची कणगी, आणि कणगी म्हणजे उंदीर आलेच. रात्री सगळे झोपले की जिंजी घरभर गस्त घालायची. उंदीर दिसला की एक झडप, एक झटका, काम संपलं. ती उंदीर खात नसे. मारायची आणि कणगीशेजारी तिथंच टाकून द्यायची, की दुसऱ्याच्या मागं. सकाळी केर काढताना राजाबाईंना उंदीर सापडायचा. पहिल्या सुगीत कणगीचा तळ कुरतडलेला नाही हे पाहून राजाबाईंचं तोंड बंद झालं. दुसऱ्या सुगीत तर शेजारीपाजारी जिंजीला उसनी मागायला येऊ लागले. आप्पांची छाती फुगली. ते बाजारात, देवळात, कॅम्पात, जिथं जातील तिथं जिंजीच्या गोष्टी सांगायचे. चावडीवरचा माणूस कुठल्याही विषयावर बोलत असो, आप्पा त्याला फिरवून जिंजीवर आणायचे. ऐकून मीही फुगायचो. डांबर उन्हात फुगतं ते निराळं.

तर अशा दिवसांत प्लेग आला.

मित्रांनो, तुम्ही तो पाहिला नाही, देवाची दया. काखेत गाठ यायची, ताप चढायचा आणि धडधाकट माणूस बघता बघता जायचा. पण येण्याआधी तो एक खूण द्यायचा. घरातले उंदीर आपोआप मरून पडायचे. 'उंदीर पडला' एवढे दोन शब्द कानावर आले की गावं ओस व्हायची. चुली विझवायच्या, पोरंबाळं घ्यायची आणि माळावर जाऊन झोपड्या घालून राहायचं. उंदीर पडलेल्या घरात थांबायचं नाही, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. ज्यांनी ऐकलं ते बहुतेक वाचले.

सुगीचे दिवस होते, थंडी पडलेली. खळ्यावर भात झोडून पडलं होतं आणि आप्पा व गुंडू राखणीला खळ्यावरच झोपत होते. घरात राजाबाई, मालुबाई आणि मालुबाईची तान्ही मुलगी अक्काताई. अक्काताईला ऊब मिळावी म्हणून माजघरात कणगीच्या कडेला वाकळ घालून निजवत. इकडे माझ्या पोटात जिंजी नुकतीच व्याली होती. एरवी ती रात्रभर घरात मोकळी असे, पण खानापूरच्या रानातून बिबट्या गावाकडे उतरायचा आणि पडवीतली कुत्री उचलून न्यायचा. मालुबाई त्याच रानाकडची, तिला ते चांगलं माहीत होतं. म्हणून पिल्लं झाल्यापासून ती दिवेलागणीला माझं दार लावायची, खिटी ठोकायची आणि उजाडल्यावरच काढायची. खळ्यावर असलेल्या आप्पांना हे सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

एका सकाळी राजाबाई केर काढत होत्या आणि कणगीशेजारी उंदीर दिसला. अक्काताईच्या वाकळेपासून हातभर लांब. राजाबाईंनी केरसुणी टाकली. एरवी त्यांनी तो केराबरोबर टाकला असता, पण शेजारच्या गावात प्लेग आल्याचं कालच कानावर आलेलं. त्यांनी हाक मारली, आळी जमली. तेवढ्यात आप्पा खळ्यावरून आले. दारात गर्दी बघून त्यांनी विचारलं, काय झालं. शेजारचा भरमू म्हणाला, "आप्पा, तुमच्यात उंदीर पडला म्हनत्यात."

आप्पा सरळ माजघरात गेले आणि उंदराला शेपटीला धरून बाहेर घेऊन आले. हसत हसत. "ह्यो व्हय? अरं, ह्यो पडलेला न्हाय, मारलेला हाय. आमच्या जिंजीनं मारलाय. आमच्यात असलं रोज सापडतंय."

आळीनं सुटकेचा निःश्वास टाकला. खरंच, आप्पांच्या घरात उंदीर सापडणं यात नवल ते काय? तीन-चार जण हसले. भरमू म्हणाला, "मी तर गाडी जुंपायला निघालो होतो." सगळ्यांचं भात खळ्यावर उघडं होतं. गाव सोडायचं म्हणजे वर्षाचं पीक पाखरांच्या आणि गुरांच्या तोंडी द्यायचं. थांबायला एखादं कारण मिळालं तर ते कुणाला नको होतं? आणि आप्पांचा शब्द म्हणजे आळीत पक्का शब्द. लोक आपापल्या घराकडे वळू लागले.

मी पडवीत सगळं ऐकत होतो. माझ्या पोटात जिंजी पिल्लांना पाजत पडली होती. ती रात्रभर तिथंच होती. माझी खिटी घट्ट होती. मित्रांनो, मला वाचा असती तर मी त्या वेळी ओरडलो असतो. आप्पा, तो उंदीर जिंजीचा नव्हे, सगळ्यांना घेऊन निघा, ती पोर तिथून आधी उचला. पण लाकडाला वाचा नसते. माझ्याइतकं ते जाणणारं त्या घरात एकच माणूस होतं, आणि ते बाहेरच्या पुरुषमाणसांसमोर बोलत नसे.

मालुबाई खिटी काढायला म्हणून पडवीत आली होती. तिचा हात खिटीवर होता. हात तिथंच थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आप्पांच्या हातातल्या उंदराकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. ती वळून राजाबाईंपाशी गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "आत्या, जिंजी आतच हाय की. रातीला बाहेर आलीच न्हाय."

राजाबाईंचं डोकं भाताच्या राशीत होतं. "गप गं. त्यास्नी कळत न्हाय व्हय?"

  मालुबाई आत गेली, अक्काताईला वाकळेसकट उचलून बाहेर आली आणि माझ्या दारासमोर उभी राहिली. तेवढ्यात आप्पा आपल्या कुत्रीचं कौतुक करायला भरमूला आणि आणखी दोघातिघांना घेऊन तिथंच आले. सून वाटेत उभी पाहून ते थबकले. "काय गं सूनबाई? दार उघड की. जिंजीला भाकर दे, आज मान हाय तिचा."

मालुबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. त्या घरात आल्यापासून ती परक्या पुरुषांसमोर सासऱ्याशी एक शब्द बोलली नव्हती. आवाज हळू होता, पण शब्द स्पष्ट होते.

"मामंजी, काल दिवा लावला तवा दाराला खिटी घातली. अजून काढली न्हाय. बघा तुमी."

आप्पांनी बघितलं. भरमूनंही बघितलं. खिटी बाहेरून ठोकलेली होती.

"रोज घालतीस?" आप्पांनी विचारलं.

"पिल्लं झाल्यापासनं रोज."

आप्पा खाली बसले. त्यांनी स्वतःच्या हातानं खिटी काढली, फळी बाजूला केली. जिंजी आत पिल्लांना पोटाशी घेऊन पडलेली. तिनं मान वर केली, शेपूट दोनदा आपटलं आणि पुन्हा पिल्लांना चाटू लागली. आप्पांनी हातातला उंदीर भुईवर टाकला आणि काटकीनं उलटापालटा केला. दाताची खूण कुठंच नव्हती. मान मोडलेली नव्हती.  आईच्या खांद्यावर अक्काताई किरकिरत होती.

"मग आता?" भरमूनं विचारलं.

आप्पा उठले. गावात ज्याच्या शब्दाला मान, त्या माणसाला सगळ्यांदेखत आपला शब्द माघारी घ्यायचा होता, आणि तोही ज्या कुत्रीची बढाई मारून गाव दणाणून सोडलेलं तिच्याच दारात. मी लांब नव्हतो, अगदी पायाशी होतो. आप्पांनी मान खाली घातली नाही.

"आता काय. मी चुकलो. उंदीर पडलाय. आजच्या आज गाव सोडायचं."

"आप्पा, भात?"

"भात फिरून पिकंल, भरमू."

मालुबाईनं आप्पांना कढत पाण्यानं हातपाय धुवायला लावले, अंगावरचे कपडे उकळत्या पाण्यात टाकले. उंदरावर रॉकेल ओतून तो जाळला. मित्रांनो, मेलेल्या उंदराला हात लावायचा नसतो. आप्पांना काही झालं नाही, हे त्यांचं नशीब. मग आप्पा आळीतल्या घरोघरी गेले. ज्यांना त्यांनी थांबा म्हटलं होतं त्या एकेकाच्या दारात उभं राहून, मघाशी बोललो ते खोटं ठरलं, निघा, असं सांगत गेले. दोघंतिघं कां-कूं करत होते, त्यांच्या गाड्या आप्पांनी स्वतः जुंपून दिल्या. आणि सगळीकडे एकच सांगितलं, "माझ्या सुनेला कळलं. मला कळलं न्हाय."

आमची गाडी भरताना तांब्याचा हंडा आधी चढवावा की धान्याची गोणी, यावर गुंडू विचार करत उभा होता. राजाबाई आल्या आणि त्याला म्हणाल्या, "हंडा राहू दे रं. आधी ते खोपट चढव. ओली बाळंतीण हाय ती." ज्या राजाबाईंनी पहिल्या दिवशी माझं थोबाड पाहून नाक मुरडलं होतं, त्याच या. मी गाडीत चढलो, आणि त्या दिवशी आळीतल्या सगळ्या सामानात पहिला मान माझा होता.

माळावर काकडून टाकणारी थंडी होती. पिंजराच्या झोपड्यांत पहाटे दव ठिबकायचं. सगळ्या वस्तीत कोरडी जागा एकच, ती म्हणजे मी. अक्काताईची दुपटी आणि आप्पांची काड्याची पेटी माझ्या आडोशाच्या कोपऱ्यात ठेवली जायची आणि जिंजी त्यांची राखण करायची. शिमगा झाल्यावर सगळे परत आलो. आजूबाजूच्या गावांत किती घरांना कुलपं लागली ती कायमची. आमच्या आळीतला माणूस न् माणूस परत आला. भात निम्मंशिम्मं गेलं होतं. त्याबद्दल आप्पांना कुणी कधी विचारलं नाही आणि आप्पांनी कधी काढलं नाही. एवढं मात्र झालं, की त्या दिवसापासून घरात काही ठरवायचं असलं की आप्पा आधी मालुबाईला हाक मारायचे.

जिंजी म्हातारी होऊन, माझ्याच पोटात, एका दुपारी शांतपणे गेली. पण तिची पिल्लं, त्यांची पिल्लं, अशी राठ केसांची प्रजा माझ्यात वाढत राहिली. अक्काताई मोठी झाली. तिचं लग्न निपाणीला ठरलं, तंबाखूच्या वखारीच्या घरात. पाठवणीच्या गाडीत भांडीकुंडी भरली आणि सगळ्यात शेवटी अक्काताई म्हणाली की खोपट आणि एक पिल्लू हवं. वऱ्हाडी हसू लागले. नवऱ्याकडचा एक म्हातारा म्हणाला, "पोरीनं रुखवतात कुत्र्याचं घर आनलं." आप्पा तेव्हा थकले होते, काठी टेकत पुढं आले आणि त्या म्हाताऱ्याला शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, ह्या घरानं आमची आळी राखलीया. तुमची वखारबी राखंल." मित्रांनो, आजवर माझं बरंच कौतुक झालं, पण त्याच्या वर काही गेलं नाही.

आणि राखली मी. म्हणजे मी आणि माझ्यातल्या कुत्र्यांनी. निपाणीत पहिले काही दिवस तंबाखूच्या धुरळ्यानं पिल्लू शिंकून शिंकून बेजार झालं, पण टिकलं. वखारीतली गोणपाटं कुरतडायची उंदरांची टाप राहिली नाही. पुढं गावठी कुत्र्यांत जात आणखी मिसळत गेली, कुणाचे पाय लांब झाले, कुणाचे कान पडले. काटकपणा तेवढा गेला नाही.

मग लोखंडी सापळे आले, उंदरांचं औषध आलं, आणि कुत्र्यांकडं बघायचं लोकांनी सोडलं. माझ्या बिजागऱ्या गंजल्या. मला वखारीमागं टाकलं आणि माझ्यात फाटकी गोणपाटं, सुतळीचे तुकडे, तुटक्या टोपल्या कोंबल्या. जिंजीच्या वंशातली शेवटची कुत्री, तांबडी, उकिरड्यावर झोपू लागली. अक्काताईच्या पाठीमागं घर, शेत, वखार, सुना-मुलं. तिचंही लक्ष उडालं. मी रुसलो नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल.

यंदा, सत्तेचाळीस सालच्या पावसाळ्यात, स्वातंत्र्य आलं म्हणून निपाणीत घरोघरी गुढ्या-पताका लागल्या. त्याच आठवड्यात तांबडी गाभण असल्याचं अक्काताईच्या नजरेला आलं. पावसात, उकिरड्याच्या कडेला, ती पंजांनी चिखल उकरत होती. अक्काताई छत्री टाकून तशीच माझ्यापाशी आली आणि दोन्ही हातांनी माझ्यातला कचरा उपसू लागली. तिची नवी सून वासंती शाळा शिकलेली, शहरातली. ती धावत आली. "आत्या, भिजताय कशाला? कुत्रीच ना, कुठंही व्याईल."

अक्काताई थांबली नाही. कचरा उपसत उपसत म्हणाली, "वासंती, मी तान्ही हुतो. कणगीच्या कडेला, मेलेल्या उंदरापासून हातभर लांब निजलेलो. माझ्या आईला ह्या दाराची खबर नसती तर मी त्याच आठवड्यात मेलो असतो. मग तुझा नवरा कुठला, आणि तू तरी ह्या घरात कुठली गं?"

 पाऊस माझ्या छपरावर वाजत होता. वासंतीनं पदर खोचला आणि विचारलं, "पिंजर किती घालायचं, आत्या?"

मित्रांनो, आता मी पुन्हा घर आहे. तांबडी आत आहे आणि पिल्लांचे डोळे कालच उघडले. तुमच्या दारात असं एखादं मुकं जनावर असेल तर त्याला कोरडी जागा द्या, ताजं पाणी द्या, आणि एवढं करून मोकळे होऊ नका. रोज एकदा वाकून आत बघत जा. मालुबाई रोज बघायची, त्यात ती काही मोठं काम करत होती असं तिलाही वाटत नव्हतं. पण त्या बघण्यामुळं वाचलेली माणसं आणि त्यांची मुलंनातवंडं आज बेळगाव-निपाणीच्या रस्त्यांवरून हिंडताहेत. त्यातल्या बहुतेकांना हे माहीत नाही, आणि आता ते सांगायला मालुबाईही नाही. म्हणून मी सांगितलं.